वरातीची घोडी आणि डावीकडचा ब्रेक

ज्यांना अंथरुणात पडल्या पडल्या दुसऱ्यांच्या पायांचा राग येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दवाखान्यात मला धीर देणारे पुष्कळ भेटले. नवस बोलणारे भेटले, प्राणायामवाले भेटले, घरून काढा आणणारेही भेटले. पण 'जळतोस ना? मीही असाच जळत होतो' असं सांगणारं कोणी भेटलं नाही. ते काम मी करतो.

माझं नाव मिलिंद. मेहकर तालुक्यात जानेफळला आमचं छोटं ड्रायव्हिंग स्कूल आहे. गाडी एकच, पांढरी, टपावर लाल L. डावीकडच्या सीटपुढे जादा क्लच आणि जादा ब्रेक. शिकणारा स्टीअरिंगवर आणि मी त्याच्या डावीकडे. बायको वैशाली दुपारची बायकांची बॅच घ्यायची, बाकीच्या सगळ्या माझ्या. ती डावी सीट हीच माझी जहागीर. तिथे परत बसता येईल की नाही, हाच माझ्या आजारपणातला खरा प्रश्न होता. जगण्यामरण्याचं डॉक्टरांनी बघितलं, त्यांचे उपकार आहेत. मला घोर होता तो सीटचा.

घोडीचा धडा

आधी हा धडा काय ते सांगतो, म्हणजे मी कशापायी जळलो ते कळेल.

माझा शाळेपासूनचा दोस्त शब्बीर वरातीची घोडी बाळगतो. पांढरी, मैना नावाची. लग्नसराईत आमच्या आसपासच्या गावांत मैनेशिवाय नवरदेवाचा परण्या, म्हणजे वरात, निघत नाही. लग्न आटोपलं की शब्बीर तिच्यावर बसून रस्त्याच्या कडेकडेने घरी येतो.

मैना ढोलताशावर पाय उचलून नाचते, तसं तिला लहानपणापासून शिकवलेलं आहे. आमच्याकडच्या गाडीवाल्यांना हे पक्कं ठाऊक. त्यामुळे सजवलेली घोडी दिसली की जीपवाला असो, पिकअपवाला असो की मोटरसायकलवाला, तालात हॉर्न वाजवतो. पीं पीं पिपीं पीं. वर "नाचव बे!" म्हणून ओरडतो. मैना बिचारी हुकमाची ताबेदार, भर डांबरी रस्त्यावर नाचायला लागते. नाचता नाचता आडवी होते, नाल घसरतात, मागून काय येतंय ते शब्बीरला दिसत नाही. गाडीवाल्याला वाटतं, आपण घोडीला खूश केलं. एका पिकअपवाल्याने असाच ताल धरला आणि समोरून एसटी आली. मैना नालीत गेली आणि शब्बीर तिच्याखाली सापडला. मैनेला खरचटलं, शब्बीरचा खांदा मोडला.

त्यानंतर मी प्रत्येक बॅचच्या शेवटी एक धडा ठेवला. आरटीओच्या परीक्षेत तो कोणी विचारत नाही. रविवारी सकाळी धरणाकडच्या जुन्या रस्त्यावर शब्बीर मैनेवर बसून पुढे चालायचा आणि शिकाऊ माणूस मागून गाडी घेऊन यायचा. हॉर्नवरचा हात काढायचा. गिअर कमी करून लांबच रेंगाळायचं. घोडीवरच्या माणसाने हात वर केला की थांबायचं आणि त्याने हात हलवून जा म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. जाताना भरपूर जागा सोडायची, इंजिन रेस करायचं नाही, आणि आरशात घोडीचे चारही पाय दिसेपर्यंत वेग वाढवायचा नाही.

"सर, हॉर्न नाई द्याचा म्हंजे? हॉर्न तं द्याच लागते ना!" हे मी प्रत्येक बॅचला ऐकलं. आमच्या भागात हॉर्न न देता कोणाच्या पुढे गेलं तर तो उर्मटपणा समजतात. ती सवय मोडायला मला फार ओरडावं लागायचं आणि ओरडायला मला आवडायचंही. मेहकरच्या स्टँडवरसुद्धा लोक म्हणायचे, मिलिंद सरकडे आधी घोडीच्या पेपरात पास व्हा लागते. तो धडा माझा होता, हे लक्षात ठेवा.

चप्पल

पोळ्याच्या सुमारास माझं पोट बिघडलं आणि दोनचार दिवसांत बरंही झालं. त्याच आठवड्यात एका बँकेतल्या साहेबांना गाडी शिकवत होतो. वळणावर त्यांनी घोळ घातला, मी ब्रेक मारला, गाडी थांबली. मी खाली उतरून त्यांना समजावू लागलो, तर ते माझ्या पायाकडे बघत राहिले.

"सर, चप्पल?"

उजव्या पायातली चप्पल ब्रेकवरच राहिली होती. मी तापल्या डांबरावर अनवाणी उभा होतो आणि मला पत्ता नव्हता. आम्ही दोघेही हसलो. संध्याकाळी घराच्या पायऱ्या चढताना गुडघ्याने दगा दिला. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सुई दिली. सकाळी उठायला गेलो तो खाटेवरून सरळ खाली बसलो.

वैशालीने कोणाला काही विचारलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दारात लावली, शब्बीरला बोलावलं, दोघांनी मला मागच्या सीटवर टाकलं आणि अकोल्याचा रस्ता धरला. टपावरचा L काढायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्यामुळे रस्ताभर ट्रकवाले मागून हॉर्न मारत होते आणि वैशाली त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता गाडी काढत होती.

"पाय हालते का बे?" माझं डोकं मांडीवर घेऊन शब्बीर विचारत होता.

"नाई."

"बोलत राहा त्याईच्यासंग," वैशाली पुढून म्हणाली. "झोपू देऊ नोका."

मला दोन सीटांच्या मधल्या फटीतून तिचे पाय दिसत होते. क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर. ते पाय मीच शिकवलेले. त्या वेळी मला खरं तर मरणाची भीती वाटायला हवी होती, तिची कीव यायला हवी होती. मनात आलं ते असं, की ही किती सहज क्लच दाबते, आणि माझ्या पोटात दुखलं. जळण्याची सुरुवात तिथे झाली.

एका श्वासात

अकोल्याच्या दवाखान्यात हातापायांना बारीक करंट देऊन तपासलं, पाठीतून पाणी काढलं. डॉक्टर वयाने तरुण होते, पण घाईत नव्हते. खाटेच्या कडेला बसून बोलले.

"तुमच्या नसांवर जे आवरण असतं, त्यावर तुमच्याच शरीरानं हल्ला केलाय. पोट बिघडल्यावर कधीकधी होतं असं. आवरण परत येतं, पण फार सावकाश. कुणाचं पूर्ण येतं, कुणाचं थोडं राहून जातं."

मी विचारलं, "ब्रेक मारता येईल का?"

त्यांना वाटलं मी भ्रमात बोलतोय. वैशालीने त्यांना डावी सीट, जादा ब्रेक, सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आधी श्वासाचं बघू."

भीती काय असते ते त्या आठवड्यात कळलं. आज घोटे, उद्या गुडघे, परवा कंबर, मग हात. कोणीतरी घरातला एकेक दिवा मालवत वर येतंय असं वाटायचं, आणि वरच्या खोलीत मी. रोज सकाळी सिस्टर येऊन एका श्वासात आकडे म्हणायला लावायच्या. आकडे जितके पुढे जातील तितकी छाती शाबूत. मी शाळेत पाढेसुद्धा इतक्या जिवाच्या आकांताने म्हटले नव्हते. मग अंग पुसणं, मग सलाईनमधून औषध, मग फिजिओथेरपीवाली मुलगी यायची आणि माझे पाय दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे उचलून ठेवायची. नाकाला खाज आली तर कोणाला तरी हाक मारावी लागायची. ते नाक खाजवणाऱ्या प्रत्येक माणसाचं भलं होवो.

सोनाळ्याचा गजानन

शेजारच्या खाटेवर माझ्यानंतर एक तरुण आला. आजार तोच. संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याचा, घरी संत्र्यांचा बगीचा, नाव गजानन. आमच्या जिल्ह्यात शेगावमुळे गजानन ढिगाने आहेत, पण असा हसतमुख मी पाहिला नव्हता. त्याची आई उशाशी जप करायची. इकडे वैशाली डोळे मिटून वंदना म्हणायची. दोघींचं आटोपलं की एकाच थर्मासातला चहा दोघी घ्यायच्या आणि आपापल्या रोग्याच्या तक्रारी एकमेकींना सांगायच्या.

सकाळच्या आकड्यांत गजानन माझ्या पुढे जायचा. त्याने मुद्दाम केलं नाही, पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका दुपारी तो ओरडला, "सर, पाहा! आंगठा हालला माहा!"

"हाव, मस्त," मी म्हणालो. मनात काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही.

पुढे तो बसू लागला, उभा राहिला, वॉकर धरून वॉर्डभर चालला. येता जाता माझ्या खाटेपाशी थांबून म्हणायचा, "आता तुमचाच नंबर सर." मला कूस बदलता येत नव्हती, म्हणून मी डोळे मिटून घ्यायचो. नंतर आलेला माणूस आधी जाणार! बसच्या रांगेत असं झालं असतं तर मी भांडलो असतो. इथे कोणाशी भांडायचं?

घरी जायच्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी आला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. ते पाय मागे ओढून घेण्याचीही सोय नव्हती. घरून आलेलं एक हिरवट संत्रं त्याने माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली. तो दाराबाहेर गेला आणि संत्रं हातातून निसटून खाटेखाली घरंगळलं. तेव्हा मी रडलो.

वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी पोछ्याच्या काठीने संत्रं बाहेर काढलं, नळाखाली धुतलं आणि सोलत माझ्याजवळ बसल्या.

"राग येऊन राह्यला का त्या पोराचा?"

मी त्यांच्या हातातल्या सालीकडे बघत राहिलो.

"येऊ द्या. अठी समद्याईले येते. आधी खाऊन घ्या." त्यांनी एकेक फोड माझ्या तोंडात घातली. आंबट होतं, पण मी सगळं खाल्लं.

मॅडमचा धडा

माझ्यापाशी मोठा भाऊ थांबू लागला, तशी वैशाली जानेफळला येऊन जाऊन राहू लागली. अर्धवट राहिलेल्या बॅचेस तिने हातात घेतल्या. दुसरा इलाजही नव्हता. एकदा ती आली ती मोबाईलवर व्हिडिओ घेऊन.

जुना रस्ता, कडेला मैना, तिचा लगाम धरून शब्बीर. एक शिकाऊ माणूस गाडीत नाही, घोडीच्या बाजूला उभा आहे आणि त्याचा तळहात तिच्या मानेवर आहे. स्वतः वैशाली मागून गाडी आणते आणि लांबूनच एक हॉर्न देते. त्या माणसाचा चेहरा बदलतो. करंट लागल्यासारखा तो हात काढून घेतो.

"अहो, मैनाची कातडी थरथरते आधी," वैशाली सांगत होती. तिचे डोळे चमकत होते. "पाय नंतर उचलते ते. आपल्याले वाटते नाचून राह्यली, पन आधी भेते. एक डाव हात लावून पाह्यला ना, का मंग कोनी हॉर्नले बोट लावत नाई. ओरडाच लागत नाई त्याईले."

मी इतकी वर्षं मैनेच्या मागे गाड्या नेल्या. तिच्या मानेवर हात ठेवायचं मला कधी सुचलं नव्हतं. धडा माझा, घोडी माझ्या दोस्ताची, आणि ही बाई आली आणि तिने तो माझ्यापेक्षा चांगला करून दाखवला. नाकाला मिरच्या झोंबतात म्हणजे काय होतं ते मला विचारा.

"घोडीजवळ असं मानूस उभं नोको करू," मी म्हणालो. "लाथ मारन एखाद्या दिवशी."

"शब्बीरभाऊ धरून असते ना."

"तरी." थोड्या वेळाने माझ्याने राहवलं नाही. "अन् धडा माहा हाय."

तिने मोबाईल पर्समध्ये टाकला. "तुमचाच हाय. म्हून तं घेऊन राह्यली," म्हणाली आणि थर्मास धुवायला निघून गेली.

सीट

घरी आलो तेव्हा चाकाच्या खुर्चीत होतो. रोज सकाळी मला ओट्यावर आणून बसवायचे. समोरून वैशाली गाडी काढायची, कोपऱ्यावर शिकणारा माणूस स्टीअरिंगवर यायचा आणि ती डावीकडे सरकायची. मी ते बघत बसायचो. लोक मला भेटायला यायचे आणि मॅडम किती शांतपणे शिकवतात ते सांगून जायचे. एक जण लायसन्सचे पेढे घेऊन आला. आधी मॅडमला दिले, मग मला. पेढा मी नको म्हटलं, साखरेचा त्रास आहे म्हणून. मला साखर नाही.

एकदा गाडी धुवायला दारात उभी होती. आत पाहिलं तर डावी सीट पार पुढे ओढलेली आणि माझी पाठीची उशी मागे फेकलेली.

"सीट काऊन सरकवली?"

"माहे पाय पुरत नाई तठीलोक."

"अन् उशी?"

"उशीनं ब्रेक लांब पडते मले."

"विचाराचं तं राह्यलं. माही सीट हाय ते."

तिच्या हातात पाण्याचा पाईप होता. तो तिने खाली टाकला. इतके महिने ती आवाज न चढवता राहिली होती. त्या दिवशी साऱ्या गल्लीने ऐकलं.

"तुमचं लघवीचं भांडं धुवून मी क्लासले जाते, अन् तुमी सीट मोजून राह्यले! मले हौस हाय का? पाय देऊ का माहे तुमाले? घ्या ना! द्याले आले असते तं कधीच देले असते!"

पाईपचं पाणी अंगणभर वाहत राहिलं. ते बंद करायला उठणं माझ्या हातात नव्हतं आणि तिने केलं नाही. शेवटी शेजारीण येऊन नळ बंद करून गेली.

ज्यांच्या घरात असं आजारपण आहे, त्यांना सांगतो, आमच्यात त्यानंतर थोडं बरं झालं. निदान ती माझ्यासमोर रागवू लागली. त्याआधी नुसती सेवा करत होती, ते जास्त अवघड होतं.

पोतं

हळूहळू हात आले, मांड्या आल्या. खुर्ची गेली, वॉकर आला, मग काठी. पण गुडघ्याच्या खाली काही येईना. पाऊल पुढून लोंबायचं आणि जमिनीवर ठेवलं की ठेवलंय हे डोळ्यांनी बघूनच कळायचं. प्लास्टिकची पट्टी बुटात घालून मी चालू लागलो. चालता आलं त्या आठवड्यात वैशालीला म्हणालो, "सोमवारपासून मी बसतो सीटवर."

"मंग दाखवा," ती म्हणाली.

बाजाराचं मैदान त्या दिवशी रिकामं होतं. शब्बीरने पोत्यात कुटार भरलं, म्हणजे सोयाबीनचा भुसा, आणि ते पोतं मधोमध उभं केलं. ही मैना. वैशाली गाडी चालवणार, मी डावीकडे. पोत्याच्या अलीकडे ब्रेक मी मारायचा, ती काही झालं तरी मारणार नाही, असं ठरलं.

पहिल्यांदा पाय ब्रेकच्या कडेवरून घसरला आणि गाडी पोत्यावरून गेली. बारीक धक्का बसला. दुसऱ्यांदा मी पाऊल कुठे आहे ते खाली वाकून बघितलं आणि बघण्याच्या नादात पोतं आलेलं दिसलं नाही. गाडी थांबली, पण पोतं बंपरखाली होतं. तिसऱ्यांदा मी पाय आधीच ब्रेकवर ठेवून बसलो, डोळे पुढे ठेवले आणि सगळा जोर लावला. मांडीने जोर लावला, पावलाने लावला नाही. गाडी परत वरून गेली.

वैशालीने ठरल्याप्रमाणे एकदाही स्वतःचा ब्रेक मारला नाही. तिचे दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट होते.

मी उतरलो. पोतं मधोमध फाटून कुटार बाहेर आलं होतं आणि वर टायरची नक्षी उमटली होती.

"जाऊ दे बे," शब्बीर म्हणाला.

"पोतंच होतं," मी म्हणालो.

"हाव, पोतंच होतं," वैशाली म्हणाली. मग ती गाडीच्या मागे गेली आणि डिकी उघडून तिच्या आड रडली. मी रडलो नाही. मी तिच्या पायांकडे बघत होतो. साध्या सपाता घातलेले पाय. इतका द्वेष मी कोणाचाच केला नव्हता, गजाननचासुद्धा नाही.

नवरदेव

त्यानंतर मी घरात बोलणं टाकलं. जेवायला ये म्हटलं की जायचो, बास.

एका रविवारी शब्बीर ओट्यावर येऊन बसला. त्याचा तो मोडलेला खांदा थंडीत आखडला होता. घोडीवर बसता येत होतं, पण हात वर जात नव्हता. शिकाऊ लोकांना त्याची थांबायची खूण दिसेना. आदल्या रविवारी एक गाडी तशीच पुढे घुसली होती.

"मैनावर तू बस," तो म्हणाला.

"भांगबिंग पेला का बे? मले धड उभं राहता येत नाई."

"उभं कोन राहा म्हनते? बस म्हनतो. पायाचं काय काम तठी?"

"घोडीवर बसाले पाय नाई लागत?"

शब्बीर हसला. "बाकीच्या घोड्याईले लागत असन. मैना वरातीची हाय. आजलोक जेवढे नवरदेव बसले तिच्यावर, एकाले तरी घोडी येत होती का? समदे पोत्यावानी बसते, पाय लोंबकळत. तिले तसंच मानूस समजते. तुह्यासारखे लई पाह्यले तिनं."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. या अख्ख्या तालुक्यात, बसता न येणाऱ्या माणसाला सांभाळून नेणं हेच जिचं काम, असं एकच जनावर होतं आणि ते माझ्या दोस्ताच्या दारात बांधलेलं होतं.

डॉक्टरांना फोन केला. लगाम खाली दुसऱ्याच्या हातात असेल, घोडी पावलानेच चालेल, डोक्याला हेल्मेट असेल, या बोलीवर ते हो म्हणाले. वैशाली मात्र तयार नव्हती.

"पडले तं?"

"तू हायेस ना ब्रेकवर," मी म्हणालो. बोलून गेलो आणि मग मलाच ऐकू आलं. ती उठून हेल्मेट शोधायला गेली.

आमचं लग्न विहारात साधेपणाने झालं होतं. घोडीवर मी कधी बसलो नव्हतो. शब्बीरने नवरदेवांसाठी ठेवलेलं लोखंडी स्टूल लावलं, त्याच्या भावाने खालून उचललं, आणि मी मैनेवर बसलो. पाय दोन्हीकडे लोंबले. मैनेने मान वळवून एकदा बघितलं आणि चालू लागली. लगाम शब्बीरच्या हातात.

त्या दिवशी स्टीअरिंगवर गावातल्या प्राथमिक शाळेच्या बाई होत्या, वैशालीच्याच बॅचच्या. गाडी मागून आली. मला दिसत नव्हती, पण आवाज पाठ आहे. तिसरा गिअर, दुसरा. आता वैशालीचा पाय ब्रेकवर टेकला असणार, हे मला मागे न बघता कळलं आणि छातीत तीच जुनी आग झाली. माझा ब्रेक. माझी सीट.

तेवढ्यात त्या बाईंचा हात सवयीने हॉर्नवर गेला. अगदी जरासा वाजला.

आणि माझ्या पोटऱ्यांना ते कळलं. मैनेची कातडी माझ्या पायांखाली शहारली, पाठीपासून पोटापर्यंत, आणि ती थरथर मला दोन्ही पोटऱ्यांत लागली. घोट्याखाली नाही, तिथे अजून काळोखच आहे. पण पोटरीत इतक्या महिन्यांत मला सुई कळली नव्हती, गरम पाण्याची पिशवी कळली नव्हती. घोडीची भीती कळली. जे वैशाली हात लावून शिकवत होती, ते मी पायांनी शिकलो.

"हौ, मैना, हौ," शब्बीर खालून तिला थोपटत होता. मी हात वर केला. माझा हात चांगला आहे, पार आभाळात जातो. मागे गाडी थांबली.

मी तो हात तसाच ठेवला. मैना शांत झाली तरी ठेवला. खरं सांगतो, गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवला. माझी गाडी, माझी सीट, तिच्यावर बसलेली माझी बायको, सगळं माझ्या एका हातापाशी अडलेलं होतं, आणि मला फार बरं वाटत होतं.

मग हात हलवला. गाडी भरपूर जागा सोडून सावकाश बाजूने निघाली. डावी सीट माझ्याच अंगाला होती. खिडकीतून वैशालीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. ओट्यावर बसून मी तिच्याकडे बघायचो, अगदी तीच.

पोटऱ्यांचं मी तिला घरी गेल्यावर लगेच सांगितलं. ती दोन्ही हातांनी माझ्या पोटऱ्या धरून खाली बसून राहिली, आणि या वेळी आम्ही दोघेही रडलो. सीट परत मिळाली नाही, मिळेल असंही वाटत नाही. ती पुढेच ओढलेली असते आणि मला अजून रोज खुपते. गजाननचा फोन आला की अजून मी आधी त्याच्या पायांची चौकशी करतो आणि तो धावतो म्हणाला की फोन वैशालीच्या हातात देतो. तुम्हालाही असं होत असेल तर होऊ द्या. लाजू नका, आणि आधी खाऊन घ्या.

आता दर बॅचच्या रविवारी मी मैनेवर असतो. वैशाली संध्याकाळी भाकरी थापता थापता विचारते, "सांगा ना, वरतून कसं दिसते? मले एक डाव बसू द्या म्हटलं तं शब्बीरभाऊ म्हनते वरातीच्या घोडीवर बाई कशी बसवू. तुमी तरी सांगा."

वरून रस्ता धरणापर्यंत दिसतो. गाडीचा टप दिसतो, L खाली दिसतो आणि आतली माणसं लहान दिसतात. दोन्हीकडची तूर वाऱ्याने हलताना दिसते. गाडीतून यातलं काहीच दिसत नाही, हे इतकी वर्षं मला ठाऊक नव्हतं.

तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.